हॅलोबाई आणि टेलरमास्तरांचा नंबर

हॅलोबाईंची ओळख व्हायची ती आधी आवाजाची आणि मग त्यांची. फोनवर आवाज ऐकून मनात उभी राहायची ती उंच, डौलदार, मान वळवून बघणारी बाई. प्रत्यक्षात दारातून आत यायची ती एक ठेंगणी, जाड चष्म्याची, खांद्याला डब्याची पिशवी लावलेली म्हातारी. समोरचा तिच्या पाठीमागे बघत राहायचा, की ती दुसरी बाई अजून येते आहे की काय. हॅलोबाईंना या गोष्टीची भारी मजा वाटे. "मीच ती," असे म्हणून त्या खुर्ची ओढून बसत.

हे नाव त्यांना गावाने दिले होते. फोन उचलला की आधी एक बाई बोलायची आणि मग ज्याच्याशी बोलायचे तो, असे दिवस होते ते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उंच स्टुलावर बसून, समोरच्या भोकाभोकांच्या फळीत वायरी खुपसत हॅलोबाईंनी अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलते केले. गावाने त्यांना पाहिले नव्हते, पण दिवसातून दहादा ऐकले होते. नाटकात पडद्याआडून वाक्य सांगणारा माणूस असतो ना, तशी त्यांची जागा. त्यांच्यावाचून प्रवेश पुढे सरकत नसे, आणि टाळ्यांच्या वेळी त्यांची आठवण कुणाला होत नसे.

आठवण झाली ती एकाच माणसाला. तो लाईनमन होता. खांबावर चढून लाईन तपासायला तो एक्स्चेंजला फोन लावायचा आणि विचारायचा, ऐकू येतंय का. येतंय, असे त्या सांगायच्या. तरी तो पुन्हा विचारायचा. एकदा उन्हाळ्यात त्याने इतक्या वेळा विचारले की त्या म्हणाल्या, "सगळं ऐकू येतंय. आता खाली उतरा, चक्कर येऊन पडाल." तो उतरला तो थेट एक्स्चेंजच्या दारात येऊन उभा राहिला. पुढे लग्न झाले, मुलगा झाला, एक्स्चेंजमध्ये यंत्रे आली, स्टूल गेले, काही वर्षांनी लाईनमनही गेला. हॅलोबाई घरात मुलगा, सूनबाई आणि नात यांच्यात बसून राहिल्या. आवाज मात्र तसाच राहिला होता, आणि तो घरात मावत नव्हता.

आरोग्य खात्याला फोनवर बोलणारी माणसे हवी आहेत, ही जाहिरात सूनबाईंनी पाहिली. 'उच्चार स्पष्ट, बोलणे नम्र' अशी अट होती. वयाची अट कुणी घालायला विसरले होते. सूनबाईंनी अर्ज भरला आणि म्हणाल्या, "आई, जा तुम्ही. तुमचा आवाज घरात बसून रागावायला लागलाय."

काम काय ते त्यांना पहिल्याच दिवशी आकडेवाल्या मॅडमनी समजावले. या मॅडम त्या विभागाच्या अधिकारी. वयाने हॅलोबाईंच्या मुलाएवढ्या, पण डोळ्यांखाली वर्तुळे, आणि टेबलावर फायलींचा असा ढीग की त्या उभ्या राहिल्या तरच दिसायच्या. दूरच्या पाड्यांवरच्या नर्सबाई बाळांना लसी देतात, बाळंतिणींना तपासतात, आणि प्रत्येकाची नोंद हातातल्या यंत्रात करतात. ते आकडे पायऱ्या चढत चढत इथे राजधानीत येतात. महिन्याच्या शेवटी त्यांचा अहवाल निघतो. ज्या केंद्राचे काम पुरे ते हिरवे, जिथे कमी ते पिवळे, आणि जिथे गडबड ते लाल. पण यंत्रात कुणी काहीही भरू शकतो. म्हणून यादीतली काही नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलायची, त्यांना फोन लावायचा आणि विचारायचे की लस खरोखर दिली का, कुणी दिली, कुठे दिली. मग पडद्यावर एक बटण दाबायचे. 'पटलं', 'नाही पटलं', 'लागला नाही', आणि शेवटी एक लाल बटण, 'बनावट नंबर'.

"एका फोनला दोन मिनिटं, काकू," मॅडम म्हणाल्या. "गप्पा नाही मारायच्या."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. प्लायवुडचे कप्पे, कानाला लावायच्या यंत्रांचे फाटलेले स्पंज, आणि खिडकीतून दिसणारी मोटारसायकलींची रांग. दारासमोर एक पांढरा फळा होता. त्यावर दर सोमवारी नावे लागायची, कुणी किती फोन केले आणि किती चुकले त्या हिशेबाने. शेजारच्या कप्प्यात एक तरुण बसायचा, त्याला सगळे सुसाट म्हणत. तो 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' एका श्वासात म्हणायचा, आणि मधले प्रश्न समोरच्याने स्वतःच समजून घ्यायचे. सुरुवातीला फळ्यावर सुसाट वर आणि हॅलोबाई तळाशी असायच्या. मग त्यांनी हळूहळू जम बसवला. त्यांचा आवाज ऐकला की माणसे फोन ठेवत नसत आणि खरे बोलून मोकळी होत. बघता बघता हॅलोबाई फळ्यावर सगळ्यांत वर गेल्या, आणि तिथेच मुक्काम ठोकला. रोज सकाळी डबा ठेवण्याआधी त्या फळ्याकडे एक नजर टाकत. घरी विषय निघाला की म्हणत, त्यात काय एवढे. आणि विषय निघाला नाही तर स्वतः काढत.

अशातच ती डोंगरावरच्या केंद्राची यादी आली. पहिला नंबर लावला. मागे शिवणयंत्राची घरघर, आणि एक पुरुषी आवाज. हॅलोबाईंनी कागदावर लिहिल्याप्रमाणे आधी बाळाच्या आईचे नाव विचारले. तो म्हणाला, या नावाचे इथे कोणी नाही. दुसरे नाव, तोच नंबर, तोच आवाज, तेच उत्तर. यादीतली सगळी नावे वेगळी आणि नंबर एकच. चौथ्या का पाचव्या वेळी तो माणूस खवळला.

"बाई, सांगितलं ना, कोणी नाही. गोड बोलून नावं काढायची विद्या दुसरीकडे चालवा. परत फोन केलात तर याद राखा."

उभ्या जन्मात हॅलोबाईंशी फोनवर असे कुणी बोलले नव्हते. एक्स्चेंजमध्ये बिले थकलेली माणसेसुद्धा त्यांना अहो-जाहो करायची. त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. त्यांनी उरलेली नावे न विचारताच एकेक करून लाल बटण दाबले. बनावट, बनावट, बनावट. मग पाणी प्यायल्या आणि पुढच्या केंद्राकडे वळल्या. त्या आठवड्यात फळ्यावर त्या पुन्हा पहिल्या आल्या.

महिनाअखेरीच्या दिवशी दुपारी त्या पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरायला गेल्या, तर बाहेरच्या बाकावर एक पोरगेलीशी बाई बसली होती. पायांवर धुळीचा थर, मांडीवर पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात घट्ट. मॅडम मीटिंगमध्ये होत्या, म्हणून तिला थांबायला सांगितले होते. सकाळपासून काही खाल्ले नाही हे तिच्या तोंडावरच दिसत होते. हॅलोबाईंनी डबा आणून तिच्यापुढे उघडला आणि स्वतः शेजारी टेकल्या. कुठून आलीस, काय काम, असे विचारता विचारता सगळे बाहेर आले.

ती त्या डोंगरावरची नर्सबाई होती. नोकरी कंत्राटी, वर्षावर्षाने वाढणारी. तालुक्याच्या साहेबांनी बोलावून सांगितले की तुझ्या केंद्राला लाल शेरा येतो आहे, खोट्या नोंदी म्हणून, आणि लाल शेऱ्यावर कंत्राट वाढत नाही. आज महिना बंद होणार. म्हणून ती पहाटेची गाडी पकडून इथे आली होती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा कामाच्या शोधात, आणि सगळा भार हिच्या एका पगारावर.

"पण एकच नंबर का गं घातलास सगळ्यांना?" हॅलोबाईंनी विचारले. विचारताना त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

नर्सबाई सांगू लागली. पाड्यावरच्या बायकांकडे फोन नाहीत. एखाद्या घरात असला तरी तो नवऱ्याच्या खिशातून कामावर जातो. आणि यंत्र असे आहे की फोनचे दहा आकडे घातल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, मग बाळाची लस त्यात भरायची कशी? वर चौकात एका टेलरमास्तरांचे दुकान आहे, तिथेच तेवढी रेंज येते. लसीचा दिवस ठरला की ती मास्तरांना फोन करते, मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून हाक मारतात, आणि सगळ्या जणी पोरे घेऊन येतात. म्हणून तिने सगळ्यांपुढे मास्तरांचा नंबर घातला. त्यात काही वावगे आहे असे तिला वाटलेच नाही.

"मग मास्तरांनी 'कोणी नाही' असं का सांगितलं?"

"मागे एका म्हातारीला बँकेचं नाव सांगून फोनवर लुबाडलं हो कुणी. तेव्हापासून मीच सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, अनोळखी माणसानं नाव विचारलं तर काही म्हणजे काही सांगायचं नाही." ती डब्यात बघत राहिली. "मास्तरांनी माझंच ऐकलं."

हॅलोबाईंना त्यांच्या बिऱ्हाडासमोरचा लाँड्रीवाला आठवला. नवरा गावभर फोन जोडत हिंडायचा आणि स्वतःच्या घरात फोन नव्हता. माहेरचा निरोप लाँड्रीत यायचा, आणि लाँड्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून रस्त्यातून ओरडायचा, "वहिनी, वडिलांचा फोन!" एक्स्चेंजमधल्या फळीसमोर बसून त्यांनी स्वतः असे किती फोन धरून ठेवले होते. कुणी किराणा दुकानात, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेच्या ऑफिसात. हाक मारायला गेलेला माणूस परत येईपर्यंत त्या लाईन सोडत नसत. वरचा साहेब रागावला तरी सोडत नसत. आणि त्याच बाईने इथे दोन मिनिटांत लाल बटण दाबले होते, तेही रागाच्या भरात.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तो फोन मीच केला होता."

नर्सबाईचा हात डब्यातच थांबला. तिने हॅलोबाईंकडे नीट पाहिले. मग विचारले, "मास्तर काय म्हणाले तुम्हाला?"

"परत फोन केलात तर याद राखा, म्हणाले."

नर्सबाईला एकदम हसू फुटले, आणि हसता हसता डोळे भरले. "मलाही पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते," ती म्हणाली.

मॅडम मीटिंगमधून आल्या तेव्हा हॅलोबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळे सांगितले: नंबर का एक होता, मास्तर का नाही म्हणाले, आणि शेवटची नावे आपण न विचारताच बनावट ठरवली हेही. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. फेरतपासणी करता येते, त्या म्हणाल्या, पण आज ऑफिस सुटायच्या आत. नावे नव्याने काढायची. ज्या माणसाने पहिले फोन केले त्याने पुन्हा करायचे नाहीत, मध्ये बोलायचेही नाही. आणि तोपर्यंत नर्सबाईने कुणाशी संपर्क साधायचा नाही.

"आणि काकू, न विचारता शेरा मारल्याची नोंद तुमच्या नावावर होईल. फळ्यावरही लागेल ती."

"लागू दे," हॅलोबाई म्हणाल्या.

नर्सबाईने स्वतःहून आपला फोन मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली. सुसाटला बोलावणे गेले. सुसाट आला, खुर्चीत बसला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. त्याच्या मागे मॅडम, आणि बाजूला हॅलोबाई, विंगेत उभे राहावे तशा, हात एकमेकांत अडकवून.

शिवणयंत्राची घरघर ऐकू आली. सुसाटने त्याच्या नेहमीच्या वेगात नाव विचारले. मास्तर म्हणाले, या नावाचे इथे कोणी नाही. सवयीने सुसाटचे बोट लाल बटणाकडे निघाले. हॅलोबाईंना बोलायची मुभा नव्हती. त्यांनी नुसता तळहात वर केला. घाईने रंगमंचावर शिरू पाहणाऱ्या नटाला थांबवावे तसा. सुसाटचे बोट अधांतरी राहिले. त्याने एकदा हाताकडे पाहिले, एकदा दाराबाहेरच्या बाकाकडे, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच सावकाश बोलला.

"मास्तर, तुम्ही सांगता ते बरोबर आहे. फोनवर कुणावर विश्वास ठेवायचा? पण मी खरंच आरोग्य खात्यातून बोलतोय. तुम्हाला पटेल असं काय करू, तेवढं सांगा."

यंत्राची घरघर थांबली. मग मास्तर म्हणाले, "तुमचा नंबर द्या. मी करतो."

आता आली पंचाईत. त्या खोलीतले फोन फक्त बाहेर जाणारे, आत काही येत नसे. सुसाटने मॅडमकडे पाहिले. मॅडमनी आपल्या टेबलावरचा फायलींचा ढीग उचलून बाजूला केला. खालून एक करडा, वेटोळ्या वायरीचा जुना फोन निघाला. त्याचा नंबर त्यांनी चिठ्ठीवर लिहिला आणि सुसाटने तो वाचून दाखवला. पलीकडून मास्तर एकेक आकडा परत म्हणत होते.

"थांबा. इथं भिंतीवर बाईंनी लसीचा कागद लावलाय, त्याच्या खाली सरकारी नंबर छापलाय. तोच आहे का बघतो. ठेवा आता."

फोन बंद झाला. सगळे मॅडमच्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले. फोन वाजेना. खिडकीखाली मोटारसायकली सुरू व्हायला लागल्या होत्या, शेजारच्या विभागात कपाटे बंद होत होती. सुसाट म्हणाला, मास्तरांचा चष्मा सापडत नसेल. कुणी हसले नाही. मॅडम म्हणाल्या, वरच्या साहेबांकडून थोडा वेळ मागून येते, आणि त्या जिन्याकडे गेल्या. त्या जिन्यात असतील नसतील तोच फोन वाजला. खरी घंटा, खोली दणाणून सोडणारी. सुसाट दचकून मागे सरला. आणि हॅलोबाईंचा हात, त्यांनी ठरवायच्या आतच, रिसीव्हरवर गेलेला होता.

"आरोग्य विभाग. बोला."

"मी टेलर बोलतोय, चौकातला. नंबर जुळला. आता सांगा, कुणाकुणाची नावं पाहिजेत?"

उत्तर देणे त्यांच्या अखत्यारीत नव्हते. पण त्यापुढचे वाक्य त्यांचेच होते. ते उच्चारून कितीतरी वर्षे झाली होती.

"लाईन धरा," हॅलोबाई म्हणाल्या. "जोडते."

जोडायला समोर फळी नव्हती की वायर नव्हती. त्यांनी रिसीव्हर सुसाटच्या हातात दिला आणि दोन पावले मागे सरकल्या.

मग डोंगरावरच्या त्या पायरीवरून मास्तरांनी जी हाक दिली ती रिसीव्हरमधून अख्ख्या खोलीला ऐकू आली. बाया येत गेल्या. कुणाला धाप लागलेली, कुणाच्या कडेवर रडणारे पोर. हो, लस दिली. आपल्या बाईंनीच दिली. मास्तरांच्या कापायच्या टेबलावर झोपवून दिली, आणि पोराने मास्तरांच्या कापडावर कार्यक्रम केला, असे एकीने जास्तीचे सांगितले, तेव्हा मागून मास्तर म्हणाले की त्या कापडाचे गिऱ्हाइकाला अजून सांगितलेले नाही. सुसाटने ते ऐकून घेतले. तो घाई करत नव्हता. एक आई मात्र म्हणाली की तिच्या बाळाला त्या दिवशी ताप होता, लस न देताच परत पाठवले. यादीत तर लस दिल्याची नोंद होती. सुसाटने हॅलोबाईंकडे पाहिले. त्यांनी खिडकीबाहेर बघितले. त्याने 'नाही पटलं' दाबले, आणि ते बरोबरच होते.

तोवर मॅडम परत आल्या होत्या, आणि अर्ध्या तासाची मुदत घेऊन आल्या होत्या. शेवटचे नाव झाल्यावर मास्तर म्हणाले की मघाशी फोन उचलला त्या बाईंना द्या. मॅडमनी मान हलवली, आता चालेल.

"तुम्हीच ना त्या दिवशी फोन केला होतात?" मास्तरांनी विचारले. "आवाज ओळखला मी. असला आवाज कोण विसरेल?"

"मीच."

"मी ओरडलो हे खरं. पण तुम्ही जरा थांबायचं होतंत, बाई."

"थांबायला हवं होतं," हॅलोबाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

केंद्राला लाल नाही, पिवळा शेरा आला. त्या एका तापाच्या बाळामुळे हिरवा हुकला. नर्सबाईला ते सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. लसीच्या दिवशी सकाळी निघायच्या आधीच तिने यंत्रात सगळी नावे भरून ठेवली होती आणि ते एक काढायचे राहून गेले होते. पिवळ्यावर कंत्राट थांबत नाही. शेवटची गाडी पकडायला ती जिन्यावरून धावत सुटली ती डबा घेऊनच, आणि हॅलोबाईंना ते घरी गेल्यावर कळले. यंत्रात शेजाऱ्याच्या फोनसाठी एक वेगळी खूण असावी असे मॅडमनी वर लिहून पाठवले. वरून उत्तर आले की विचार चालू आहे.

सोमवारी फळा लागला. सुसाट वर, आणि हॅलोबाई खाली, खिडकीजवळच्या नवख्या पोरीच्याही खाली, नावापुढे फुली. त्यांनी नेहमीसारखी एक नजर टाकली आणि डबा ठेवायला गेल्या. तो नवा होता. सूनबाईंनी घेताना विचारले होते की जुना हरवलात कुठे, तर त्यांनी सांगितले होते, डोंगरावर गेलाय.

महिन्याभराने मॅडमच्या टेबलावरची घंटा वाजली. मॅडमनी उचलून ऐकले आणि हाक मारली, "काकू, तुमचा फोन."

मास्तर होते. म्हणाले, त्या तापाच्या पोराला आज लस मिळाली, बाईंनी कळवायला सांगितले होते. आणि डबा त्यांनी गाडीवाल्याबरोबर पाठवला आहे, धुऊन. पोराची आई पायरीवरच आहे, तिलाही बोलायचे आहे, पण पोर भोकाड पसरून बसले आहे. जरा थांबता का?

समोर भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटे कधीच उलटली होती. हॅलोबाईंनी पायाने खुर्ची जवळ ओढली आणि नीट बसून घेतले.

"सावकाश येऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "लाईन धरलीय मी."